घासलेल्या नंबराची चासी

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला सगळं जग पेन्सिल म्हणतं. बायको दादा म्हणते, आणि तिच्या धाकानं मीही दादाच म्हणतो. अंगानं किडमिडे, चालायला सरळ, आणि बोलणं इतकं कमी की सोयरीक ठरली तेव्हा मुलीचा भाऊ मुका आहे अशी आमच्या घरात आठवडाभर समजूत होती.

वाहन कचेरीच्या फाटकाशी पत्र्याची शेड आहे. तिच्याखाली एक स्टूल, स्टुलाशेजारी एक गोणपाट, आणि त्या गोणपाटावर एकतीस वर्षं घासून काळी पडलेली दादांची पाठ. गाडी विकायची असो, घ्यायची असो, इंजिन बदलायचं असो, चासीवर ठोकलेल्या नंबराची छाप अर्जाला लावावीच लागते. त्यासाठी गाडीखाली शिरायचं, गंज आणि ग्रीस खरवडून नंबर उघडा करायचा, त्यावर कागदी चिकटपट्टी बसवायची आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासायची. आकडे पट्टीवर उमटतात. पट्टी सोलून अर्जावर डकवली की झालं. ऐकायला पोरखेळ वाटतो. मी एकदा करून बघितला. पट्टी माझ्या भुवईला चिकटली आणि निघताना निम्मी भुवई घेऊन निघाली. महिनाभर गिऱ्हाइकं विचारत होती, "काय हो, कशाचं एवढं आश्चर्य वाटतंय?"

दादा कचेरीचे नोकर नाहीत. पगार नाही, हुद्दा नाही, टोपी नाही. पण साहेब येतात, साहेब जातात, आणि नवा साहेब आला की जुना त्याला पहिली गोष्ट सांगतो ती ही, की पेन्सिलनं दिलेली छाप पुन्हा तपासायची नाही. कुठल्या कारखान्यात कोण नंबर ठोकायचा त्याचा हातसुद्धा दादांना ओळखू येतो. "हा तीन बघा, पोट सुटलंय त्याचं," असं ते आपण देवळातली मूर्ती बघावी तसं बघत सांगतात. माणसांची नावं मात्र डोक्यात राहत नाहीत. माझ्या सख्ख्या साडूला ते अजून "तो शेवटी दोन शून्यांवाला" म्हणतात.

आता माझं सांगतो. मी डेंटर. तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे पोचे काढतोय. लोक आपटून आणतात, मी सरळ करून देतो, ते पुन्हा आपटून आणतात. म्हटलं, मरायच्या आधी एक गाडी अशी करावी, जी कुणाच्या चुकीतून नाही, आपल्या डोक्यातून निघालेली असेल. माझं डोकं आणि चूक यांत फारसं अंतर नसतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

मला हॉट रॉड बनवायची होती. म्हणजे काय ते बायकोला तीनदा समजावलं, आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, "म्हणजे मोडकी गाडी ना?" तर तसं नाही. फार जुन्या मोटारीची चासी घ्यायची, म्हणजे खालचा नुसता लोखंडी सांगाडा. वरचं सगळं भिरकावून द्यायचं. पुढं दांडगं इंजिन बसवायचं आणि त्यावर झाकण ठेवायचं नाही. मागची चाकं रुंद, पुढची बारीक, बूड जमिनीला टेकेल इतकं खाली. आणि मग रस्त्यानं अशी गुरगुरत न्यायची की म्हाताऱ्यांनी शिव्या द्याव्यात. सगळं वरचं बदललं तरी चालतं, पण चासी अस्सल लागते. घराण्याचा मान तिच्यात.

रोपं विकणाऱ्या एका बाईंचा टेम्पो माझ्याकडे दुरुस्तीला असायचा. तो पोचवायला गेलो, तर त्यांनी कुंड्या एका लांब लोखंडी सांगाड्यावर रांगेनं मांडलेल्या. वाकून बघितलं आणि पुन्हा एकदा वाकून बघितलं. चासी! आणि बाजूच्या पट्टीवर एक लांब, उथळ, वळणदार रेघ.

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या लोकांत एका मोटारीला फार मान आहे. तिच्या चासीची बाजू बाहेरून दिसायची, म्हणून कारखान्यानं त्या पट्टीवर शोभेची रेघ दाबून काढलेली. आम्ही तिला रेघवाली म्हणतो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या फोनमधले चारशे लोक, ज्यांतल्या एकाचंही तोंड मी प्रत्यक्षात बघितलेलं नाही.

"बाई, हे कुठून आलं?" मी आवाज शक्य तितका कोरडा ठेवून विचारलं.

"सासऱ्यांच्या वेळेपासून इथंच आहे. हवंय का? कुंड्यांना दुसरी मांडणी करून द्या आणि न्या."

दुसऱ्या दिवशी मी तिथं नवी मांडणी वेल्डिंग करून उभी केली आणि चासी घरी आणली. अंगणात लोखंडी घोडीवर चढवली. टेप लावली. रेघवालीचं पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर मला तोंडपाठ. ही तीन इंच जास्त भरली. मी स्वतःशी म्हटलं, लोखंड आहे, इतकी वर्षं उन्हात पडलं होतं, वाढलं असेल. दुसरी भानगड अशी, की रेघ एकाच बाजूला होती. दुसरी पट्टी सपाट. त्यावर मी तोड काढली, की त्या बाजूची गंजून गेली असणार. शेवटी अति शहाण्याचा बैल रिकामाच राहायचा, त्यात बैलाचा काय दोष?

पण डेंटरच्या हाताला एक खोड असते. वाकडं, खडबडीत, अर्धवट काही दिसलं की झोप लागत नाही. चार दिवस मी गॅरेज बंद ठेवलं. सपाट पट्टी तापवून, ठोकून, पहिल्या बाजूला जुळणारी रेघ त्या बाजूलाही काढली. मग सगळी चासी खरवडली, ग्राइंडर मारला, खड्डे घासून काढले, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वरून हात फिरवला. फोटो काढून चारशे लोकांना पाठवले. तीनशे जणांनी अंगठे दाखवले. आणि मी ताठ मानेनं कचेरीत जाऊन नव्यानं बांधायच्या गाडीचा अर्ज दिला. तिथल्या मॅडमनी मंगळवारची तारीख दिली आणि म्हणाल्या, "चासी इथं आणा. आणि नंबराची छाप लागेल."

"छापेची काय काळजी मॅडम? मेव्हणा घरचाच आहे."

रविवारी सकाळी दादा आले. मी चासीवर टाकलेली चादर जादूगारासारखी ओढली.

"बघा दादा. सांगा, कुठली?"

दादा चासीभोवती एकदा फिरले. वाकले. डाव्या पट्टीवर पुढच्या बाजूला बोट टेकवलं आणि तिथंच थांबले.

"नंबर कुठं आहे, दाजी?"

"कुठला नंबर?"

"चासीचा. जुन्या गाड्यांना इथं असतो. वरच्या अंगाला."

"इथं काही नव्हतं. नुसतं खडबडीत होतं. गंजानं खाल्लेले खड्डे. मी घासून साफ केले. बोट फिरवा की, आरसा आहे आरसा."

"खड्डे रांगेत होते?"

मी आठवलं. "तसे... रांगेतच होते."

"किती?"

"सात-आठ असतील."

"सारख्या अंतरावर?"

"दादा, गंज पण कधीकधी शिस्तीचा असतो."

दादांनी माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत त्यांनी चोर बघितले, दलाल बघितले, नंबर बदलणारे कारागीर बघितले. पण स्वतःच्या गाडीचा नंबर स्वतःच्या हौसेनं, पाणी लावून लावून पुसणारा माणूस बहुतेक पहिल्यांदाच बघत होते.

"घासलेला नंबर म्हणजे काय होतं माहीत आहे ना?" ते शांतपणे म्हणाले. "चोरीच्या गाडीचा असाच घासतात. मंगळवारी ही अशी नेली तर चासी जप्त होईल. आणि तुमच्या गॅरेजची चौकशी लागेल."

"आणि नाही नेली तर?"

"अर्जावर तारीख पडलीय. मग कचेरीवाले इथं येतील."

माझ्या गॅरेजमध्ये त्या वेळी लोकांच्या पाच गाड्या उभ्या होत्या. पोलीस दारात आले असते तर सहावी कधी आली नसती. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं ते माझ्याही तोंडून निघालं.

"दादा, माझ्याकडे आकडे ठोकायचे पंच आहेत. शून्यापासून नवापर्यंत. तुम्हाला तर प्रत्येकाचा हात माहीत. आठ आकडे सांगा, मी ठोकतो, तुम्ही छाप काढा. घरातलं घरात. कुणाला कळणार?"

दादांनी चासीवरचं बोट उचललं. नळावर गेले, हात धुतले, चपला घातल्या आणि फाटक उघडून निघून गेले.

बायको चहा घेऊन बाहेर आली. "दादा कुठं गेला?"

"गेले."

"अहो, काय बोललात त्याला?"

मी सांगितलं. तिनं चहाची कपबशी पायरीवर ठेवली. ती कपबशी शांतपणे ठेवते तेव्हा मी नेहमी दाराच्या बाजूला सरकून उभा राहतो.

"बारा वर्षांपूर्वी एका बड्या माणसाची गाडी आली होती," ती म्हणाली. "नंबरातला एक आकडा नवा ठोकलेला. दादानं पेन्सिल खिशात घातली आणि म्हणाला, छाप निघणार नाही. त्या माणसानं दादाची शेड उपटली, स्टूल गटारात फेकलं. चार महिने घरी बसला. वहिनीनं लोकांचे कपडे शिवून घर चालवलं. तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात आठवतंय? एका आकड्यानं काय बिघडलं असतं, म्हणाला होतात! आणि आज त्याला तुम्ही आठ आकडे सांगता?"

मी तोंड उघडलं. तिनं बोट वर केलं. मी तोंड मिटलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात एवढी अक्कल आली आहे.

तासभर मी त्या चासीशेजारी बसून होतो. माझ्याच तोंडाचं प्रतिबिंब तिच्यात दिसत होतं, इतकी झकास घासली होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. दादा परत आले. हातात कापसाचा पुडका आणि काचेच्या बुचाची एक लहान बाटली.

"दादा, रागावून गेलात ना?" मी उठून उभा राहिलो.

"बाटली आणायला गेलो होतो."

"मग काही बोलला का नाहीत?"

"बोलण्यासारखं काय म्हणालात तुम्ही?"

बायको दारात पदर तोंडाला लावून उभी होती. रडत नव्हती, हसत होती.

बाटलीत तेजाब होतं, म्हणजे ॲसिड. दादा खाली मांडी घालून बसले आणि समजावून सांगायला लागले. आकडा ठोकतात तेव्हा लोखंडात नुसता खड्डा पडत नाही, म्हणाले. खड्ड्याच्या खालचं लोखंडही दबतं. वरचा थर घासून गेला तरी ते दबलेलं तसंच राहतं, आणि तेजाब त्याला वेगळं खातं.

"म्हणजे नंबर अजून आत आहे?"

"किती खोल घासलंय त्यावर आहे."

आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण कामचुकार असतो तर किती बरं झालं असतं.

"एक मात्र आहे," दादा कापूस काडीला गुंडाळत म्हणाले. "आधी जागा आरशासारखी घासून घ्यावी लागते. तेवढं काम तुम्ही करून ठेवलंय."

त्यांनी बोळा फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझे गुडघे दुखायला लागले तरी उठायची छाती होईना. बायकोनं विचारलं, "दादा, येतंय का रे काही?" दादांनी मान हलवली नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. बोळा एकाच चालीनं फिरत होता.

मग डावीकडून तिसऱ्या जागी काहीतरी काळपट झालं. डोहात मासा वर यावा आणि पुन्हा बुडावा, तसं. "सात," दादा पुटपुटले. त्यांनी जवळ नाक नेलं. "सातच. लिही." बायकोनं किराणाच्या यादीमागं लिहायला घेतलं. आठ आला. एक आला. मग दोन आला, चार आला, आणि एक नऊ, जरासा तिरका. सहा आकडे झाले.

शेवटचे दोन आलेच नाहीत. ते कोपऱ्याला होते आणि कोपरे मी नेहमी जास्त मायेनं घासतो.

"सहा आले की," मी म्हणालो. "दोनच राहिले. अंदाजानं..."

"दाजी."

"नाही, मी काही म्हटलं नाही."

दादा ओल्या आकड्यांकडे बघत होते. "या साताच्या मानेला बाक आहे," ते म्हणाले. "हा ठोकणारा मोटारींच्या विभागात नव्हता. मालाच्या व्हॅन बनवायचे, तिथं होता."

"व्हॅन? दादा, ही रेघवाली आहे! रेघ बघा की!"

दादांनी टेप मागितली. आसांतलं अंतर मोजलं. मी म्हणालो, "तीन इंच जास्त आहे, ते उन्हामुळं." दादांनी ऐकलं नाही असं दाखवलं, त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. मग त्यांनी डाव्या बाजूच्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"ही कारखान्याची रेघ नाही. झिजलीय. सरकतं दार असायचं, त्याचं खालचं चाक इथून धावायचं. दिवसातनं शंभर वेळा. बेकरीची गाडी आहे ही. एवढ्या लांबीची, सरकत्या दाराची, तीच."

बेकरीची गाडी. म्हणजे पहाटे दारोदार ब्रेड टाकत फिरणारी. मी चारशे लोकांना घोड्याचा फोटो म्हणून गाढवाचा पाठवला होता.

दादा मात्र उजव्या बाजूला जाऊन बसले होते आणि भुवया आकसून बघत होते. तिथल्या रेघेवर बोट फिरवलं, पुन्हा डावीकडे आले, पुन्हा उजवीकडे गेले.

"एक गोष्ट जुळत नाही," ते म्हणाले. "दार एकाच बाजूला असायचं. मग इकडं रेघ कशी? झिजलेली पण नाही. ठोकून काढल्यासारखी वाटते. एकतीस वर्षांत असं बघितलं नाही. कोण कशाला करेल?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

"अहो, सांगा त्याला."

"ती... मी काढली. जोडी जमत नव्हती म्हणून."

दादांनी उजव्या रेघेवर पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो मुका समजला गेलेला माणूस अंगणात पाठीवर आडवा होऊन इतका हसला की शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काय झालं हो? कुणाला फिट आली का?"

मंगळवारी टेम्पोत चासी घालून कचेरीत गेलो. रात्रभर नीट झोप नव्हती. सहा आकड्यांवर मॅडम मानतील का, हाच एक घोर. घासलेल्या नंबराची छाप उठत नाही, म्हणून दादांनी सकाळी चासीवर पुन्हा तेजाब फिरवून मॅडमना आकडे प्रत्यक्ष दाखवले. मॅडमनी जुनं रजिस्टर काढायला लावलं. धूळ झटकून पानं उलटली, आणि त्या सहा आकड्यांनी सुरू होणारी एकच गाडी सापडली. बेकरीची व्हॅन, पंचावन्न वर्षांपूर्वीची, पुढं शेरा: मोडीत काढली. चोरीची नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

"पण नंबर घासलेला आहे," मॅडम म्हणाल्या. "तो कसा घासला गेला याचं कारण फॉर्मवर लागेल. छाप देणाऱ्यानं लिहायचं, मालकानं खाली सही करायची. कारण पटलं नाही तर मला पुढं पाठवावंच लागेल."

दादांनी कानावरची पेन्सिल काढली, मग ती परत ठेवली आणि मॅडमचं पेन मागून घेतलं. दोन ओळी लिहिल्या. मॅडमनी मोठ्यानं वाचल्या, कारण खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्या पंधरा-वीस लोकांचाही तो दिवस चांगला जायचा होता.

"'मालक धंद्यानं डेंटर असून त्यांना नंबर हा गंज वाटल्यामुळं त्यांनी अडाणीपणानं तो स्वतः घासून काढला. उजव्या पट्टीवरची रेघ हीदेखील मालकांचीच कारागिरी असून तिचा गाडीशी काही संबंध नाही.'"

रांगेत कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं.

मॅडमना माझी दया आली असावी. "अडाणीपणानं नको," त्या म्हणाल्या. "अनवधानानं लिहू या का? सभ्य दिसेल."

मी मान जोरात हलवली. "हो हो, अनवधानानंच!"

"नाही मॅडम," दादा म्हणाले. "अनवधान म्हणजे लक्ष नव्हतं. यांचं लक्ष होतं. चार दिवस गॅरेज बंद ठेवून, पूर्ण लक्ष देऊन घासलाय. माझ्या सहीखाली चुकीचं जायला नको."

मॅडमनी पेन माझ्यासमोर धरलं. एका बाजूला चोर, दुसऱ्या बाजूला अडाणी, आणि मधे सहीसाठी आखलेली रेघ.

"वाचलंत ना? मान्य आहे?"

मी मदतीसाठी मागं वळून बघितलं. दादा तिथं नव्हतेच. शेडमध्ये दुसरी गाडी आली होती आणि तिच्याखालून त्यांचे नुसते पाय बाहेर दिसत होते. रांगेतला मागचा माणूस माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "करा की हो सही, काका. आम्हालाही कामं आहेत."

"मान्य आहे," मी म्हणालो, आणि सही केली.